नेट गेलं तरी प्लगइनचं काम चालू

पावसात मालवणकडे वारा सुटला की नेट गेलंच समजा. आणि होमस्टे बुकिंगचं प्लगइन (वर्डप्रेसच्या साइटला जोडायचा जादा कोड) थेट चालू साइटवर तपासणं तर नकोच. साइट लॅपटॉपवरच उभी करा.

१. नेट असताना झॅम्प (लॅपटॉपवरच वेब सर्व्हर आणि डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) आणि वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) उतरवून ठेवा.

२. वर्डप्रेस झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये टाका, पीएचपीमायअ‍ॅडमिन या झॅम्पमधल्या डेटाबेसच्या टूलमध्ये रिकामा डेटाबेस करा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच लॅपटॉप) उघडा. अपाची, म्हणजे झॅम्पमधला वेब सर्व्हर, सुरूच होत नसेल तर बहुधा ८० नंबरचा पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने धरलाय; अपाचीला ८०८० द्या.

३. प्लगइनचा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि वर्डप्रेसच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये त्याची फक्त सिमलिंक (मूळ फोल्डरकडे नेणारी लिंक) द्या. खरी सोय हीच. सारखं कॉपी-पेस्ट नको. सेव्ह करा, पान रिफ्रेश करा, झालं.

मात्र असं प्लगइन डॅशबोर्डवरून डिलीट करू नका, मूळ कोडच उडू शकतो. आधी लिंक काढा.