जर्मनीत शिकत असताना व्हिएन्ना कसे पाहावे आणि कसे टिपावे

जर्मनीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सत्रामध्ये तीन-चार दिवस मोकळे मिळाले, तर ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना सहज आवाक्यात येते. म्युनिकहून थेट रेल्वेने साधारण चार तास लागतात आणि व्यवहाराची भाषाही जर्मनच आहे, जरी तिचे स्थानिक वळण पहिल्या दिवशी कानाला परके वाटते. या सोयीमुळेच अनेक जण काहीही न वाचता निघतात आणि राजवाडा, कॅथेड्रल, कॉफी असा क्रम पार पाडून परत आल्यावर ‘शहर फार सुंदर आहे’ यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. माझ्या मते तीन दिवसांत चार ठिकाणे पुरेशी आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणी जाताना एक प्रश्न मनात ठरलेला असावा.

आधी कागदपत्रे पाहावीत. जर्मनीचा वैध निवास परवाना आणि पारपत्र जवळ असेल, तर शेंगेन क्षेत्रातील (सामाईक व्हिसा-व्यवस्था असलेल्या युरोपीय देशांच्या गटातील) इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते. दोन्ही मूळ कागद सोबत ठेवावेत, कारण २०१५ पासून ऑस्ट्रियाहून जर्मनीत परतणाऱ्या गाड्यांमध्ये तपासणी होत आली आहे आणि मोबाइलवरील छायाचित्राने तिथे काम भागत नाही. परवान्याचे नूतनीकरण चालू असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी आपल्या गावातील परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. संग्रहालयांतील विद्यार्थी-सवलतीला बहुधा वयाचीही अट असते, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

शहरात उतरल्यावर प्रथम पत्ता वाचायला शिकावे. व्हिएन्नाचे २३ जिल्हे आहेत. रस्त्याच्या फलकावर नावाआधी जिल्ह्याचा क्रमांक असतो आणि चार आकडी पिनकोडातील मधले दोन आकडे तोच क्रमांक सांगतात, म्हणजे १०१० हा पहिला जिल्हा आणि ११९० हा एकोणिसावा. मध्यभागातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर घरक्रमांक मध्याकडून वाढत जातात, त्यामुळे नकाशा न उघडताही आपण शहराच्या आत चाललो आहोत की बाहेर, हे कळते. मेट्रोच्या स्थानकांवर फाटके नाहीत. कागदी तिकीट घेतले असेल, तर प्रवासाआधी ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा, कारण शिक्का नसलेले तिकीट तपासनीस ग्राह्य धरत नाहीत.

पहिल्या दिवशी रिंगश्ट्रासेवरून, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या रुंद रस्त्यावरून, पायी चालावे. इथे विचारायचा प्रश्न असा, की या इमारती खरोखर किती जुन्या आहेत? संसद ग्रीक मंदिरासारखी दिसते, नगरपालिका मध्ययुगीन गॉथिक शैलीची वाटते आणि विद्यापीठ रेनेसाँ (प्रबोधन) काळातले भासते. त्यामुळे आपण अनेक शतकांतून चालत आहोत असा समज होतो. वास्तविक सम्राट फ्रान्ट्स योझेफ यांनी १८५७ मध्ये जुनी तटबंदी पाडण्याचा आदेश दिला, १८६५ मध्ये या रस्त्याचे उद्घाटन झाले आणि वरील तिन्ही इमारती १८८३-८४ च्या सुमारास पूर्ण झाल्या. प्रत्येक संस्थेसाठी तिच्या कार्याला साजेशी जुनी शैली निवडली गेली. लोकशाहीसाठी अथेन्स, नागरी स्वायत्ततेसाठी मध्ययुगीन नगरे आणि विद्येसाठी रेनेसाँ असा तो हिशेब होता. हे कळले, की देखणेपणाबद्दलचे आपले मत बदलतेच असे नाही, पण त्या देखणेपणामागचा हेतू दिसू लागतो.

विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत अवश्य शिरावे. विद्यापीठ १३६५ चे असले, तरी इमारत एकोणिसाव्या शतकातली आहे. आतल्या चौकाभोवतीच्या कमानींत नामवंत प्राध्यापकांचे अर्धपुतळे रांगेने मांडले आहेत आणि थोडा वेळ थांबले, की ते जवळजवळ सगळे पुरुषांचेच आहेत हे ध्यानात येते. २०१६ मध्ये तिथे सात विदुषींची स्मारके उभारली गेली, त्यांत भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांचेही आहे. कोणते नाव कधी जोडले गेले, हे पाहण्याची सवय कोणत्याही शहरात उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मध्यवस्तीबाहेर घालवावी, आणि माझा सर्वाधिक आग्रह याच भागाचा आहे. ‘यू ४’ मेट्रोच्या हायलिगनश्टाट या शेवटच्या स्थानकाबाहेर येताच कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत समोर दिसते. १९२७ ते १९३० या काळात बांधलेली, एक किलोमीटरहून अधिक लांब आणि सुमारे चौदाशे घरांची ही इमारत समाजवादी नगर प्रशासनाने कामगारांसाठी उभारली. त्या काळातील गृहबांधणीसाठी १९२३ पासून खास कर बसवला होता आणि मोठ्या घरांवर तो चढत्या दराने आकारला जाई. मोठ्या कमानींतून आत गेल्यावर रस्त्यावरची वर्दळ मागे राहते आणि झाडांनी भरलेली प्रशस्त अंगणे दिसतात, कारण जागेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भागावर बांधकाम आहे. वसाहतीत सामाईक धुलाईगृहे, स्नानगृहे, बालवाड्या आणि वाचनालय होते. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकार आणि समाजवादी यांच्यात झालेल्या यादवीत याच भिंतींवर तोफांचा मारा झाला. आजही इथे लोक राहतात, म्हणून खिडक्यांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि आवाज बेताचा ठेवावा. भाड्याच्या खोलीसाठी महिनोन्‌महिने वणवण केलेल्या विद्यार्थ्याला ही अंगणे राजवाड्यापेक्षा अधिक विचार करायला लावतील, असे मला वाटते.

संध्याकाळी सरकारी ऑपेरागृहात (श्टाट्सओपर) उभ्याने पाहण्याच्या जागेचे स्वस्त तिकीट मिळते का, ते पाहावे. ही तिकिटे साधारणपणे प्रयोगाच्या दिवशीच विक्रीला येतात. आपली जागा राखून ठेवण्यासाठी तिथले नेहमीचे प्रेक्षक कठड्याला रुमाल किंवा गळपट्टा बांधतात, आणि दुसऱ्याने बांधलेला गळपट्टा सरकवणे हा मोठा अपराध समजला जातो. रविवारी बहुतांश दुकाने बंद असतात, त्यामुळे खाण्याची तजवीज शनिवारीच करावी; पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नये, कारण १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येते.

आता टिपणांविषयी. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे केवळ पाहिलेले आणि ऐकलेले लिहावे, उजवीकडे त्यावरून बांधलेला तर्क लिहावा. ‘वेटरने बिल आणले नाही’ हे डावीकडे जाते, ‘इथले लोक उद्धट आहेत’ हे उजवीकडे; आणि व्हिएन्नाच्या कॉफीगृहात एका कपावर तासन्‌तास बसू देणे हाच रिवाज असून मागितल्याशिवाय बिल आणणे अशिष्ट मानले जाते, हे कळल्यावर फक्त उजवी बाजू खोडावी लागते. तसेच जुन्या शहराला लागून वाहणारा प्रवाह पाहून बरेच जण त्यालाच डॅन्यूब समजतात, प्रत्यक्षात तो डॅन्यूबचा कालवा असतो आणि मुख्य नदी बरीच पूर्वेकडे आहे. अशा गोष्टी त्याच रात्री नकाशावर पडताळून पाहाव्यात.

परतल्यानंतर दोन दिवसांच्या आत टिपणांवरून सलग मजकूर लिहावा, त्यापेक्षा उशीर झाल्यास छायाचित्रे आठवणींची जागा घेऊ लागतात. तो शक्य असल्यास जर्मनमध्येही लिहावा आणि ऑस्ट्रियाहून आलेल्या एखाद्या सहाध्यायाला वाचायला द्यावा. ज्या वाक्यावर तो हरकत घेईल, ते वाक्य लगेच काढून न टाकता त्याची हरकत तारखेसह समासात नोंदवून ठेवावी.