संशोधन लोकांना सांगताय? आधी टक्के कशाचे ते ठरवा

पीएच.डी.ला लागून वर्ष-दोन वर्षं झाली की कुणीतरी म्हणतंच, 'लोकांना कळेल असं लिही की जरा.' जरूर लिहा, बोला. फक्त कॉन्फरन्सची पीपीटी मराठीत करून गावात दाखवू नका. ती कुणाच्याच डोक्यात शिरत नाही, आणि आपले सोलापूरकर तसं तोंडावर सांगतात.

माझा विषय जमिनीतली ओल. त्यामुळे जिथं जाईन तिथं कृत्रिम पावसाचा विषय निघतो. निघणारच, प्रयोग आपल्याच डोक्यावर झालाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानं उडवली. 276 ढग अभ्यासले. काहींत कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: पावसात सुमारे 18 टक्के वाढ.

इथंच पाय घसरतो. माझाही घसरलाय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. सभेत 'अठरा टक्के' म्हटलं की समोरचा मनात जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस धरतो आणि त्यात अठरा टक्के मिळवून मोकळा होतो. पण तुलना होती कण सोडलेल्या आणि न सोडलेल्या ढगांची. तीही वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या साधारण 100 चौरस किलोमीटरपुरती. ढगच आला नाही तर शून्याचे अठरा टक्के शून्यच. दुष्काळात नेमकं तेच होतं, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

तेव्हा टक्के कशाचे ते आधी सांगा, मग आकडा रानात उतरवा. समजा एरवी 10 मिलिमीटर पडला असता, तिथं 11.8 पडला. जादा 1.8. एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे साधारण 4,000 लिटर. म्हणजे एकरी सात हजार लिटरच्या थोडं वर. दहा हजारांचा टँकरसुद्धा भरला नाही. टँकर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न आपसूक नेमका येतो: 'मग सर, तुरीला ओल किती बोटं जाईल?' भारी काळ्या रानात एक उत्तर, मुरमाड माळावर दुसरं. हा प्रश्न आला की तुमची सभा मार्गी लागली.

घाबरू नका, हे जमतं. पहिल्यांदा बोबडी वळते, ती सगळ्यांचीच वळते.

आता गाईडबद्दल. आकडे त्यांच्याकडून तपासून घ्याच, भाषा मात्र त्यांच्या हाती देऊ नका. दर वाक्यात 'विशिष्ट परिस्थितीत' घुसतं आणि वाक्याचा जीव जातो. (हे माझ्या गाईडनी वाचलं तर माझं काय व्हायचं ते होवो.) मी मसुदा मावशीला वाचून दाखवतो. ती विड्या वळता वळता ऐकते. हात चालू आहे तोवर ठीक. हात थांबून मान वर झाली की ते वाक्य मी तिथंच खोडतो. 'सायन्स कम्युनिकेशन'च्या दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर पैसे घालवण्यापेक्षा अशी एक मावशी शोधा.

पेपरात बातमी भलतीच आली तर बातमीदारावर डाफरू नका. मथळा बहुतेक वेळा तो देत नाही, डेस्कवरचा माणूस देतो. चार ओळींचा कागद हातात द्या आणि वर मथळाही तुम्हीच सुचवा. घाईच्या वेळी तोच जसाच्या तसा लागण्याची शक्यता बरीच. तरीही चुकला, तर त्याच दिवशी शांतपणे फोन करा. आठवड्यानं केलेल्या खुलाशाला कुणी विचारत नाही.

अक्कलकोटकडे जाणार असाल तर कन्नड बोलणारा आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा मित्र सोबत घ्या. त्याला आदल्या दिवशी टँकरचा हिशेब नीट समजावा. चहा-भज्यांचा खर्च तुमच्याकडे, तो फेलोशिपमधून मिळत नाही.