वीज नसतानाही हौद भरलेला: गोठ्यासाठी उंच टाकीवरून पाण्याची लाइन

दुधात जवळपास ८७ टक्के पाणी असतं. तरीही खुराकाचा हिशेब किलोत ठेवणाऱ्या बहुतेक गोठ्यांत जनावरांना पाणी मात्र दिवसातून दोनदा ‘दाखवलं’ जातं. दुभत्या गाईला तहान लागते ती धार काढल्यावर आणि चारा खाल्ल्यावर, आपण मोकळे असू तेव्हा नाही. शिवाय शेतीच्या फिडरला अनेक ठिकाणी थ्री-फेज वीज आठच तास मिळते आणि पाळी रात्रीची असली की मोटर चालते जनावरं बसलेली असताना. यावर साधा उपाय म्हणजे वीज असेल तेव्हा उंचावरची टाकी भरून घ्यायची आणि तिथून उताराने येणारं पाणी बॉलकॉकने (चेंडू पाण्यावर तरंगून वर आला की बंद होणाऱ्या नळाने) हौदात आपोआप सोडायचं.

ही लाइन फसते ती उंची कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा पाइप बारीक असतो किंवा बॉलकॉकचं भोक बारीक असतं. म्हणून खरेदीच्या आधी कागदावर थोडं गणित करावं.

पाणी किती, टाकी केवढी

संकरित दुभत्या गाईला किंवा म्हशीला दिवसाला ७० ते १०० लिटर धरा. उन्हाळ्यात आणि जास्त दुधाच्या गाईला वरचा आकडाच खरा. भाकड जनावराला ४० ते ५०, वाढत्या कालवडीला २५ ते ३०, शेळीला ५ ते ८ लिटर. दहा दुभत्या गाई म्हणजे दिवसाला १००० लिटर. मोटर जळाली किंवा डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बंद पडला तर एक दिवस हातात राहावा म्हणून टाकी २००० लिटरची घ्या. गोठा धुण्याचं पाणी याच टाकीतून घेऊ नका. धुण्याच्या नळाने टाकी कधी रिकामी झाली ते कळत नाही आणि जनावरं तहानलेली राहतात.

उंची मोजताना

टाकीच्या तळाच्या आउटलेटपासून हौदातल्या पाण्याच्या पातळीपर्यंतचं उभं अंतर हीच कामाची उंची. टाकी भरलेली असताना मिळणारा जास्तीचा दाब हिशेबात धरू नका, कारण पाणी कमी पडतं ते टाकी तळाला गेल्यावर. हौदातलं पाणी जमिनीपासून दोन फूट वर असतं, हेही लोक विसरतात. आठ फुटांची उंची हवी असेल तर टाकीचा स्लॅब गोठ्याच्या जमिनीपासून दहा फुटांवर यायला हवा. मोजायला गवंड्याची लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) पुरते.

गोठ्याच्या वरच्या अंगाला बांध किंवा टेकाड असेल तर टाकी तिथेच ठेवा, पाइप थोडा जास्त लागला तरी चालेल. सपाट रानात स्टँड बांधावं लागतं. भरलेली २००० लिटरची टाकी दोन टनांहून जड असते. पाया मुरमापर्यंत न्या आणि वर सपाट स्लॅब घाला. प्लास्टिकच्या टाकीचा पूर्ण तळ टेकलेला हवा. नुसत्या अँगलच्या पट्ट्यांवर ठेवलेली टाकी काही महिन्यांत पट्टीच्या कडेवर चिरते.

डोंगरउतारावर झऱ्याचं पाणी आणायचं असेल तर अडचण उलटी असते. १० मीटर उतार म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब. एवढ्या दाबापुढे मोठ्या भोकाचा बॉलकॉक नीट बंद होत नाही, हौद वाहत राहतो. उतार त्याहून जास्त असेल तर हौदाच्या वर तीन-चार मीटरवर २०० लिटरची छोटी टाकी मध्ये घाला. तिच्या इनलेटला जास्त दाबाचा बॉलकॉक लावा आणि पुढची लाइन तिच्यातून काढा.

पाइप कोणता

समजा उंची अडीच मीटर, म्हणजे साधारण आठ फूट आहे आणि टाकीपासून हौद ६० मीटरवर आहे. मिनिटाला २० लिटर पाणी हवं आहे. काळ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात एवढं पाणी वाहताना दर १०० मीटरला घर्षणात ढोबळमानाने इतकी उंची खर्च होते: २५ मिमीच्या पाइपात ७ मीटर, ३२ मिमीत पावणेदोन ते २ मीटर, ४० मिमीत अर्धा मीटर. आता ६० मीटरचा हिशेब करा. २५ मिमीला चार मीटरच्या वर लागतील आणि आपल्याकडे आहेत अडीच. ३२ मिमी एक मीटरच्या थोडं वर खाईल, उरलेली उंची बॉलकॉक आणि एल्बोंना जेमतेम पुरेल. ४० मिमीत ३०-३५ सेंटिमीटर जातील. म्हणून ४० मिमी घ्या. स्टँड आणखी पाच फूट चढवण्यापेक्षा पाइप एक माप मोठा घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. एचडीपीईचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं हे दुकानात लक्षात ठेवा: ३२ मिमी म्हणजे जवळपास एक इंची, ४० मिमी म्हणजे सव्वा इंची.

पाइप दीड ते दोन फूट खोल पुरा. हे काम टाळलं तर सगळ्या खर्चाचा निम्मा फायदा जातो. ६० मीटर लांबीच्या ४० मिमी पाइपात ५५ लिटरच्या आसपास पाणी साठलेलं असतं. एप्रिलच्या दुपारी उघड्या काळ्या पाइपातलं हे सगळं पाणी हात लावू नये इतकं तापतं आणि गाय तोंड लावून मागे सरते. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो तिथे पाइप जीआयच्या (लोखंडी) मोठ्या पाइपाच्या तुकड्यातून ओवून घ्या. चरात एचडीपीई ताणून टाकू नका, किंचित नागमोडी सोडा. तो उन्हात लांबतो, रात्री आखडतो आणि ताणलेला असला की जोडातून निसटतो. चर बुजवण्याआधी लाइन भरून एक दिवस पाहा.

चर खणताना उतार सलग ठेवा. मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडकते आणि टाकी भरलेली असूनही हौदात करंगळीएवढी धार येते. मोटरच्या दाबाने ही हवा निघून जाते, उताराच्या पाण्याला तेवढा जोर नसतो. उंचवटा टाळताच येत नसेल तर तिथे टी (तीन तोंडांचा जोड) घालून अर्धा इंची पाइप उभा करा. त्याचं तोंड टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा फूटभर उंच ठेवा आणि वर जाळी बांधा. एअर व्हॉल्व्हपेक्षा हे भरवशाचं, कारण यात अडकायला काही नसतं.

टाकीची जोडणी

आउटलेटला दीड इंची टँक निपल (टाकीच्या भोकात बसणारा जोड) तळापासून दोन इंच वर बसवा म्हणजे गाळ लाइनमध्ये जात नाही. भोक होल-सॉनेच (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडा. तापवलेल्या सळईने पाडलेलं भोक वाकडं होतं आणि रबर वायसर तिथे कधीच घट्ट बसत नाही. निपलनंतर युनियन (खोलता येणारा जोड), मग बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह. गाळ काढायला तळाशी वेगळा वॉशआउट. मोटर ऑटो स्विचवर (वीज आली की आपोआप सुरू होणारी) असेल तर टाकीला ओव्हरफ्लो द्या आणि तो इनलेटपेक्षा मोठा ठेवा: एक इंची इनलेटला दीड ते दोन इंची. त्याचं पाणी स्टँडच्या पायाशी न सोडता नेपियर गवताच्या सरीत न्या.

फिल्टर हवाच असेल तर मोटरकडून टाकीत येणाऱ्या लाइनवर लावा. तिथे दाब असतो. टाकीनंतरच्या लाइनवर जाळी अर्धी भरली तरी दोन-अडीच मीटर उंचीचं पाणी अडून बसतं. टाकीवर सावलीची जाळी टाका, झाकण तारेने बांधा. उघड्या टाकीत पाली आणि कबुतरं मरून पडतात.

हौद

दहा गाईंना आठ फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर पाणी राहील असा हौद म्हणजे साधारण ३४० लिटर. काठ जमिनीपासून दोन ते अडीच फूट. शेळ्यांना एक ते सव्वा फूट. धार काढल्यावर दहा गाई पंधरा मिनिटांत दीडशे-दोनशे लिटर पितात. हौद मोठा असेल तर लाइन थोडी मंद असली तरी भागतं. हौद छोटा ठेवला तर लाइन दांडगी लागते. मुक्त संचार गोठ्यात एकाऐवजी दोन हौद दोन टोकांना ठेवा. एकच हौद असला की दांडगी गाय तिथे उभी राहते आणि पहिलारू कालवडी दूर ताटकळतात.

आतले कोपरे गोल घ्या, तळाला निचऱ्याकडे इंचभर उतार द्या आणि निचरा किमान अडीच इंची ठेवा. निचरा बारीक असला तर हौद रिकामा व्हायला अर्धा तास लागतो आणि मग तो कोणी धूत नाही. सिमेंटचा नवा हौद आठ-दहा दिवस भिजवत ठेवून दोन-तीनदा पाणी बदला, मगच जनावरांना द्या. दोनशे लिटरचा निळा ड्रम उभा कापूनही चालतो, पण त्यात आधी औषध किंवा केमिकल नव्हतं याची खात्री असेल तरच. हौदाभोवती पाच-सहा फूट कोबा किंवा दगडी फरशी हवी. नाहीतर तिथे चिखल होतो आणि खुरांचे, कासेचे आजार तिथूनच सुरू होतात.

बॉलकॉक

दुकानदार सवयीने घराच्या टाकीचा अर्धा इंची बॉलकॉक देतो. तो नळाच्या दाबासाठी असतो, आतलं भोक जेमतेम ३ मिमी. दोन मीटर उंचीवर त्यातून मिनिटाला दीड लिटरच्या आसपास पाणी येतं. ३४० लिटरचा हौद भरायला पावणेचार तास! तेवढ्याच उंचीवर १२ मिमीच्या भोकातून २५ लिटर येतं, कारण भोक चौपट रुंद झालं की पाणी सोळापट येतं. तेव्हा ‘कमी दाबाचा, एक इंची’ असं स्पष्ट सांगा आणि घेण्याआधी आतलं भोक डोळ्यांनी पाहा.

बॉलकॉक हौदाच्या एका टोकाला, जाळीच्या किंवा विटांच्या खणात बंद करा. खणाखालून पाणी जायला दोन भोकं ठेवा. उघडा चेंडू गाई जिभेने ओढून दांडी वाकवतात. पाण्याची पातळी काठाखाली दोन-तीन इंच राहील अशी दांडी लावा. बॉलकॉकच्या अलीकडे एक व्हॉल्व्ह असू द्या. त्याशिवाय हौद धुताना टाकीपर्यंत जावं लागतं.

दावणीला बांधलेल्या गाईंसाठी बाऊल लावायचे असतील तर प्रत्येक बाऊलला बॉलकॉक नको. एका छोट्या टाकीत बॉलकॉक बसवून तिच्यापासून सगळे बाऊल समपातळीत जोडले की सगळीकडे पाणी सारखं राहतं. बाऊल लावताना लेव्हल ट्यूबने एक-एक तपासा. एखादा दोन इंच खाली गेला तर तो कायम वाहतो, वर राहिला तर कोरडा. या पद्धतीत एका गाईच्या तोंडातलं पाणी दुसरीकडे जाऊ शकतं, म्हणून आजारी जनावर या रांगेत बांधू नका.

चालू केल्यावर

बॉलकॉक पूर्ण उघडा धरून १५ लिटरची बादली लावा. ४५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर येतंय. पाणी कमी वाटलं तर बॉलकॉक काढून तीच चाचणी नुसत्या पाइपवर करा. तिथे धार चांगली असेल तर दोष बॉलकॉकचा. तिथेही मंद असेल तर हवा, गाळ किंवा पूर्ण न उघडलेला व्हॉल्व्ह शोधा. बोअरच्या जड पाण्याने भोकावर पांढरा थर बसतो. बॉलकॉक रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला की थर सुटतो.

हौद वाहू लागला तर आधी चेंडू हलवून पाहा. आत पाणी खळखळत असेल तर तो चिरला आहे, बदला. चेंडू ठीक असेल तर वायसरखाली वाळूचा कण किंवा चाऱ्याची काडी सापडेल. जादा चेंडू आणि दोन वायसर गोठ्यात ठेवलेले बरे, कारण रात्री चेंडू बुडाला तर सकाळपर्यंत २००० लिटर पाणी गोठ्यात पसरतं.

हौद आठवड्यातून दोनदा रिकामा करून घासा आणि दर पंधरा दिवसांनी आतून चुना लावा, शेवाळ कमी धरतं. टाकी दोन महिन्यांतून एकदा वॉशआउट उघडून धुवा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की गाळ बसू द्या, मग १००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवा. वरची निवळी टाकीत ओता, खालचा चुनकळीचा साका फेकून द्या आणि अर्ध्या तासाने लाइन सुरू करा.