चेहरा न हलणाऱ्या बाहुलीला उदास कसं करायचं?

स्टॉप मोशन (म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढत बनवलेली फिल्म) करायचं म्हटलं की सगळे आधी बाहुलीला दहा प्रकारची तोंडं बनवत बसतात, ते करूच नका. यिर्झी त्रन्का हा चेक बाहुलीपटांचा बाप माणूस, त्याच्या बाहुल्यांचे चेहरे बहुतेक वेळा तसेच्या तसे राहतात, मान किती कलली आणि उजेड कुठून आला एवढ्यावर तो काम काढतो. आधी त्याची १९६५ ची 'रुका' (म्हणजे हात) बघा, जेमतेम १८ मिनिटांची आहे. आपल्या एका फुलझाडासाठी कुंड्या बनवणारा छोटासा कलाकार, आणि 'माझा पुतळा कर' म्हणून मागे लागलेला भलामोठा हातमोजावाला हात. पुढे सरकारने तिच्यावर बंदी घातली, का ते बघितल्यावर कळेलच.

आता आपली बाहुली. अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून सांगाडा करा (एकेरी तार चार दिवसांत तुटते), डोकं एम-सीलचं, अंगाला स्पंज गुंडाळून वर जुन्या कापडाचे कपडे. डोळे रंगवताना नजर कुठेतरी रोखलेली दाखवू नका, जराशी हरवलेली ठेवा, म्हणजे तोच चेहरा उदास आणि हसरा दोन्हीकडे चालतो. पाय टाचण्यांनी थर्माकोलमध्ये रोवा.

मोबाइल स्टँडवर घट्ट बसवून फोकस आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड येतो ते) लॉक करा, खिडकीचे पडदे ओढा, एकच टेबल लॅम्प लावा आणि पंखा बंद!! सेकंदाला १२ फोटो धरले तर दहा सेकंदांना १२० होतात, घाम निघतो पण इलाज नाही. माझा पहिला अख्खा शॉट वाया गेला कारण मी पांढरा टीशर्ट घालून पुढेमागे करत होतो आणि दर फोटोत त्याचा उजेड बाहुलीच्या गालावर वेगळा पडत होता, तेव्हापासून शूटिंगला काळाच घालतो.

उदास करायचं तर आधी सहा-सात फोटो काहीच हलवू नका, मग मान अगदी केसभर खाली, पुढच्या फोटोत अजून थोडी, मधे जरा जास्त, शेवटी परत केसभर, आणि थांबा. लॅम्प वरून असेल तर भुवईची सावली आपोआप डोळ्यांवर उतरते. तीच मान वर करून लॅम्प समोर आणलात की बाहुली हसल्यासारखी वाटते, रंगाचा एक थेंबही न बदलता.

सांगाड्याचा कंटाळा असेल तर झ्लिन या चेक गावातल्या हर्मिना तिर्लोव्हा या फिल्मवालीचा रस्ता धरा, तिने १९५८ मध्ये चक्क गाठ मारलेल्या रुमालाला हीरो केलं होतं. रुमाल तर घरात असतोच.