झीरो ट्रस्ट लागू करताय? मोठ्या कारखान्यांत होणाऱ्या या चुका टाळा

बडोद्याच्या आसपासच्या मकरपुरा, नंदेसरी, हालोल भागातल्या मोठ्या कंपन्यांत आता झीरो ट्रस्टसाठी (कुणावरही आधीच भरवसा न ठेवता दर वेळी तपासण्याची संगणक-सुरक्षेची पद्धत) बजेट मंजूर होतं, ही चांगली गोष्ट आहे. पण काम फसतं ते बहुतेक वेळा सवलतींमुळे. 'डायरेक्टर साहेबांना ओटीपीचा त्रास नको', 'तो व्हेंडर जुना आहे, राहू द्या', 'प्लांटचं नंतर बघू'. अशी यादी लांबत जाते आणि हल्लेखोर नेमका त्या यादीतूनच आत येतो.

जॉन किंडरवॅग यांनी फॉरेस्टर या संशोधन कंपनीत असताना २०१० मध्ये ही कल्पना मांडली. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे म्हणून कुणावर भरवसा ठेवायचा नाही. माणूस कोण, उपकरण कोणतं, त्याला कशाला हात लावायचाय, हे दर वेळी तपासायचं. अमेरिकेची मानकं ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये काढलेल्या ८००-२०७ या दस्तऐवजातही ती काम करण्याची पद्धत म्हणूनच आहे. तेव्हा नवं सॉफ्टवेअर घेतलं की झीरो ट्रस्ट झालं, असं कुणी सांगत असेल तर पटवून घेऊ नका.

ऑफिसचे नियम प्लांटवर जसेच्या तसे लादणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. केमिकल प्लांटची कंट्रोल रूम डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातला पाळी बदलते. रात्रपाळीचा ऑपरेटर लॉगआउट न करता उठतो, कारण स्क्रीन बंद झाली तर रिअ‍ॅक्टरचं तापमान कोण बघणार? सगळ्यांचं लॉगिन एकच, 'ऑपरेटर'. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली. अशा ठिकाणी मोबाइलवर मंजुरी मागणारी पद्धत आणली, तेव्हा एक शिफ्ट इन्चार्ज मला म्हणाले, "मॅडम, ज्वालाग्राही भागात फोन चालत नाही, तो गेटवरच जमा होतो. ओटीपी बघू कुठे?" हे काका बडोद्यातल्या दांडिया बाजार या मराठी वस्तीतले, त्यामुळे तक्रार शुद्ध मराठीत आली आणि ती शंभर टक्के रास्त होती. त्यानंतर सहसा होतं काय, तर हेल्पडेस्क अख्ख्या प्लांटलाच सूट देऊन मोकळं होतं.

यावर उपाय आहे. नुसतं बघण्याची स्क्रीन कायम चालू राहू द्या, पण सेटपॉइंट (यंत्राला ठरवून दिलेलं तापमान, दाब वगैरे) बदलायचा असेल तर ज्याचं त्याचं कार्ड किंवा सिक्युरिटी की (लॉगिनसाठीचं किल्लीसारखं छोटं उपकरण) लागली पाहिजे. इंजिनिअरिंग वर्कस्टेशनवर (जिथून यंत्रांचे प्रोग्रॅम बदलतात तो संगणक) सामायिक लॉगिन अजिबात नको. जुनी मशीन्स (विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला) बदलता येत नसतील तर नेटवर्कच्या वेगळ्या झोनमध्ये म्हणजे भागात टाका आणि तिथे जायला मधला एकच जंप सर्व्हर (ज्यातूनच पुढे जाता येतं असा संगणक) ठेवा. आणखी एक, आयटीची नेहमीची स्कॅनिंग टूल्स चालू प्लांटवर सोडू नका. जुने पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे औद्योगिक संगणक) तेवढ्यानेही बंद पडू शकतात.

झोन पाडणं हे कटकटीचं काम आहे, म्हणून ते मागे ढकललं जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर हल्ल्यात सापडले आणि सुमारे १.३ टीबी डेटा एन्क्रिप्ट झाला, म्हणजे कुलूपबंद झाला. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, हेच कारण सरकारने संसदेत सांगितलं.

मंजुरीचं बटण आणि विसरलेली खाती

फोनवर 'मंजूर करा' एवढंच बटण असेल तर माणूस वैतागून ते कधीतरी दाबतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराच्या बाबतीत असंच झालं. निदान स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाकायची पद्धत तरी ठेवा; अ‍ॅडमिनना सिक्युरिटी कीच द्या.

कलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधन-वाहिनी कंपनीवरचा २०२१ चा हल्ला वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याचं खातं) झाला आणि त्यावर दुसरी पडताळणी नव्हती. कंप्रेसरच्या देखभालीला येणाऱ्या व्हेंडरचं खाते आपल्याकडेही असंच वर्षानुवर्षं उघडं असतं. काम असेल तेवढे तास प्रवेश द्या, मग तो आपोआप बंद व्हायला हवा. ईआरपी (कंपनीचा हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) ते बँक फाइल पाठवणाऱ्या सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे माणूस नव्हे तर सॉफ्टवेअर वापरतं त्या खात्याला, तर बऱ्याचदा मालकच नसतो, तो आधी ठरवा. सवलत द्यावीच लागली तर तिच्यापुढे जबाबदार माणसाचं नाव आणि संपण्याची तारीख लिहा, मग ती डायरेक्टरांची का असेना.

लॉगिन अडलं तर आधी काय बघायचं

कोड बरोबर असूनही नाकारला जातोय? घड्याळ बघा. ऑथेंटिकेटर अॅपचा कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो आणि विंडोज डोमेनमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस (तिथली ओळख तपासणारी यंत्रणा) दारातच अडवतो. एकाच दिवशी बरेच लॅपटॉप बाहेर फेकले गेले तर सर्टिफिकेटची (लॅपटॉपच्या डिजिटल ओळखपत्राची) मुदत संपली असण्याची शक्यता मोठी. एकाच विभागाचे लोक अडले असतील तर नुकतीच बदललेली पॉलिसी तपासा. लॉगिन तपासणारी आयडेंटिटी सेवाच बंद पडली तर? त्यासाठी दोन आपत्कालीन खाती तिजोरीत हवीत, आणि त्यांतून कुणी लॉगिन केलं की लगेच अलार्म वाजला पाहिजे.

लॉग (कोण कधी आत आलं वगैरे नोंदी) १८० दिवस भारतात ठेवणं आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. लॉग कुठे आहेत हे हल्ल्याच्या रात्री शोधत बसलात तर ते सहा तास त्यातच जातील.

नवी पॉलिसी आधी काही आठवडे नुसती नोंद घेण्याच्या मोडवर चालवा, कोण अडलं असतं ते बघा, मगच सक्ती करा. सक्तीची तारीख मार्चअखेरीला नको, आणि नवरात्रात तर मुळीच नको. त्या नऊ रात्री बडोद्यात हेल्पडेस्कवर माणूस मिळणं कठीण असतं.