रात्रीची सायकल आणि दिवा: या चुका टाळा

डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हापासून उजाडेपर्यंत रस्त्यावर सायकली काही कमी नसतात. क्लासहून परतणारी मुलं, पाळी सुटल्यावर एमआयडीसीतून निघालेले कामगार, पहाटे चारला किटल्या अडकवून निघणारे दूधवाले, पेपर टाकणारी पोरं. यातल्या पुष्कळांच्या सायकलीला दिवाच नसतो. असला तर विझलेला, वाकडा झालेला, नाहीतर पिशवीमागे गेलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मला दिसतोय की रस्ता!"

"मला दिसतंय ना" हा हिशेब

खरी मेख इथेच आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना चांदण्यातही डांबरी रस्ता दिसतो. पण मागून येणाऱ्या चालकाचे डोळे अंधाराला सरावलेले नसतात, ते त्याच्याच हेडलाइटच्या उजेडाला सरावलेले असतात. त्या झोताबाहेरचं सगळं त्याला काळं मिट्ट.

आकडे मांडून बघा. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साधारण साडेसोळा मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. २५ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी उभी राहायला आणखी २० मीटर. एकूण ४५. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला सायकलस्वार मात्र बऱ्याचदा २५-३० मीटरवर आल्यावरच कळतो. चालक कितीही सावध असला तरी ही वजाबाकी बदलत नाही. रस्ता ओला असेल, किंवा समोरून कोणी अप्पर लावून येत असेल, तर आणखी वाईट.

म्हणून दिवा घेताना प्रश्न दोन असतात. मला रस्ता दिसेल का, आणि मी इतरांना दिसेन का? गावात, दिव्यांच्या रस्त्यावर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

रिफ्लेक्टर आहे, मग दिवा कशाला?

रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. त्यावर पडलेला झोत तो जिथून आला तिकडे परत पाठवतो, एवढंच त्याचं काम. हे काम तो चोख करतो, पण झोत पडला तरच. बोळातून किंवा आडव्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्या गाडीचे दिवे तुमच्याकडे वळतात तोवर ती वळून तुमच्या अंगावर आलेली असते. त्या वेळी उपयोगी पडतो तो पेटलेला दिवाच.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उजेड जिथून आला तिकडेच परत जातो, म्हणजे हेडलाइटकडे. मोटारीत चालकाचे डोळे हेडलाइटच्या थोडेच वर असतात. ट्रकचा चालक मात्र हेडलाइटपेक्षा बराच उंच बसतो, त्यामुळे तोच रिफ्लेक्टर त्याला मोटारवाल्यापेक्षा मंद दिसतो.

आणि रिफ्लेक्टरची अवस्था? मागचं मडगार्ड वाकलं की तो आभाळाकडे बघायला लागतो. त्याचं तोंड सरळ मागे हवं, उभं, तिरपं नाही. चिखलाचा थर असेल तर ओल्या फडक्याने पुसा; पावसाळ्यात हे रोजचं काम समजा. तडा गेला असेल तर बदला, कारण आत पाणी शिरलं की तो उजेड परतवत नाही. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर दुकानदार सर्व्हिसिंगला काढून टाकतात, ते परत लावून घ्या. वरखाली होणारे ते दोन ठिपके दिसले की चालकाला क्षणात कळतं की पुढे सायकलवर माणूस आहे. स्थिर ठिपका मैलाच्या दगडाचाही असू शकतो.

दिवा झकास, पण भलतीकडे रोखलेला

पुढचा दिवा पांढरा, मागचा लाल. यात अदलाबदल नको. पुढे लाल दिसला की समोरच्याला तुम्ही त्याच्याच दिशेने चाललेलं वाहन वाटता.

शहरात नुसतं दिसण्यासाठी पुढे ५० ते १०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) पुरतात. दिवे नसलेल्या, खड्ड्यांच्या रस्त्याला २०० ते ४०० लुमेन घ्या. मागे २० ते ५० पुष्कळ झाले. त्याहून प्रखर लाल दिवा मागच्याचे डोळे दिपवतो आणि तुमच्यापर्यंतचं अंतर त्याला जोखता येत नाही.

मोठा दिवा घेणारे हमखास तो सरळ समोर रोखतात. झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्त्यावर काहीच पडत नाही. दिवा बसवण्याची पद्धत सोपी आहे. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ धरायला कोणाला तरी सांगा. दिवा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. समजा ९० सेंटिमीटर. भिंतीवर पडलेल्या झोताचा मधला, सर्वांत तेज भाग ४५ सेंटिमीटरवर आला पाहिजे. असा झोत रस्त्यावर १० मीटरवर टेकतो. तुम्ही ताशी २० च्या वर चालवत असाल तर भिंतीवरचा मध्य ६० सेंटिमीटरपर्यंत चढवा, म्हणजे झोत १५ मीटरवर टेकेल. मग स्क्रू आवळा. रबरी पट्ट्याचा दिवा खड्ड्यांत हळूहळू खाली मान टाकतो. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की घसरत नाही.

लुकलुकणारा मोड दिवसा आणि गर्दीत चांगला. पूर्ण अंधारात नुसत्या लुकलुकण्यावरून तुम्ही किती लांब आहात हे मागच्याला कळत नाही. मागे एक स्थिर दिवा असावा. दुसरा असेल तर तो खुशाल लुकलुकू द्या.

चार्जिंगचे दिवे ऐन वेळी का विझतात

खोक्यावर "३०० लुमेन" आणि "१० तास" असं दोन्ही छापलेलं असतं. १० तास असतात ते सर्वांत मंद मोडवर. आत १२०० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं माप) ३.७ व्होल्टची बॅटरी असेल तर साठा साधारण साडेचार वॉट-तास. ३०० लुमेनला जवळपास ३ वॉट लागतात. म्हणजे दीड तास, फार तर. तुमचा जाण्यायेण्याचा वेळ दुप्पट धरून दिवा निवडा.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या टॉर्चच्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढे चला. १८६५० आकाराचा चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. त्याहून जास्त छापलेला आकडा म्हणजे थाप.

पावसाचं म्हणाल तर दिवा किती पाणी सोसतो ते खोक्यावरच्या आयपीएक्स आकड्यावरून कळतं. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारा. कोकणात आणि घाटमाथ्यावर निदान आयपीएक्स६ बघा. तरीही पाणी शिरतं ते बहुधा चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट न बसवल्यामुळे. भिजलेला दिवा लगेच चार्जिंगला लावू नका. झाकण उघडं ठेवून आधी वाळू द्या.

बटण सेलवाले छोटे सिलिकॉनचे दिवे जोडीला ठीक. ते एकदम विझत नाहीत, आठवड्यागणिक मंद होत जातात आणि मालकाला पत्ता लागत नाही.

डायनॅमो फिरतो, उजेड नाही

काळ्या सायकलींना अजून डायनॅमो दिसतो आणि तो वाईट नाही. चार्जिंगची कटकट नाही. त्यावर ६ व्होल्ट ३ वॉट लिहिलेलं असतं: २.४ वॉट पुढच्या बल्बला, ०.६ मागच्या. बिघाड बहुधा याच क्रमाने सापडतो:

- दिव्याकडे एकच वायर जाते, परतीचा रस्ता सायकलच्या सांगाड्यातून. डायनॅमो सांगाड्याला धरणाऱ्या पट्टीखाली रंग किंवा गंज असेल तर विजेचं मंडळ पुरं होत नाही. पट्टीला एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून लोखंडाला भिडेपर्यंत आवळा.
- डायनॅमोचा अक्ष चाकाच्या मध्याकडे रोखलेला हवा. तिरपा बसला की टायर खातो आणि पावसात घसरतो.
- पुढचा बल्ब गेला आणि तसंच दामटत राहिलात तर सगळा दाब मागच्या छोट्या बल्बवर येतो आणि तोही उडतो. दोन्ही बल्ब एकदम गेल्यासारखे वाटतात त्याचं कारण हेच. डबीत एक जादा बल्ब ठेवा.
- बल्बच्या जागी साधा एलईडी खोचू नका. डायनॅमोतून येणारा प्रवाह उलटसुलट असतो. आत रेक्टिफायर, म्हणजे तो प्रवाह एकाच दिशेचा करणारा भाग, असलेलाच एलईडी चालतो.

डायनॅमोचा एक दोष मात्र जात नाही: चौकात थांबलात की दिवा विझतो. नेमकं तेव्हाच मागून कोणीतरी येत असतं. मागे सेलवर चालणारा एक लाल दिवा वेगळा लावाच.

लावलेला दिवा कोण झाकतंय

सायकल अंधाऱ्या जागी स्टँडवर लावा. रोज जेवढं ओझं नेता तेवढंच चढवा: दप्तर, डबा, किटल्या, पेपरांचा गठ्ठा. दिवा लावून मागे ५०-६० पावलं जा, थोडं डावीउजवीकडे सरका आणि वळून बघा. किटल्यांमुळे कॅरिअरखालचा दिवा एका बाजूने गायब होतो, सीटखालचा दिवा दप्तर झाकतं. ओझ्यासह दिसेल अशी जागा म्हणजे कॅरिअरचं मागचं टोक. डबलसीट बसलेल्याची ओढणी किंवा साडीचा पदरही दिव्यावर येतो, आणि चाकातही जातो.

कपड्यांबद्दल एकच गैरसमज दूर करण्याजोगा आहे. भडक पोपटी फ्लुओरेसंट जॅकेट दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतं ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. रात्री तो रंग मेलेला असतो. रात्री कामाची ती त्यावरची चंदेरी रिफ्लेक्टिव्ह पट्टी. एकच पट्टी परवडत असेल तर ती पाठीला लावण्याऐवजी घोट्याला बांधा. पाय हलतो तशी ती हलते, आणि पँट चेनमध्ये अडकत नाही हा वरचा फायदा.

उलट्या बाजूने जाणं

"समोरून येणारी गाडी दिसते, म्हणून मी उजवीकडून जातो." पायी चालणाऱ्याला हा नियम ठीक, सायकलला नाही. तुम्ही २० ने आणि गाडी ६० ने. एकाच दिशेने असाल तर ५० मीटरचं अंतर संपायला साडेचार सेकंद लागतात. समोरासमोर असाल तर सव्वादोन. शिवाय मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही वाया.

उसाचा हंगाम

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरकडे गाळप सुरू झालं की सायकलस्वाराला भीती दोन्ही बाजूंनी: मागून कोणी धडकण्याची आणि आपणच पुढे धडकण्याची. पंक्चर होऊन उभ्या राहिलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि उसाचा काळसर भारा रात्रीत मिसळून जातो. समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले असतील तर सायकल सरळ त्या भाऱ्यात शिरते. अशा वेळी समोरच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे नजर ठेवा आणि पायडल मारणं थांबवा. या रस्त्यांवर पुढचा दिवा दोनशे लुमेनपेक्षा कमी नको.

वाटेत दिवा गेला तर

मोबाइलचा टॉर्च लावून फोन मागच्या खिशात ठेवणारे बरेच दिसतात. मागे पांढरा उजेड म्हणजे मागच्याला समोरून येणारं वाहन वाटतं. शाळेच्या प्रोजेक्टचा लाल जिलेटिन पेपर दुहेरी घडी करून टॉर्चवर रबरबँडने बसवला तर घरापर्यंत निभावतं. हा तुकडा सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. तोही नसेल तर खाली उतरा, सायकल हातात धरून डांबराच्या बाहेर, कच्च्या साइडपट्टीवरून चाला, आणि फोनचा उजेड पुढे जमिनीवर धरा.