मानेच्या मणक्याचं मायक्रो ऑपरेशन: आधी काय बघायचं, नंतर काय सांभाळायचं

नुसती मान दुखायली म्हणून ऑपरेशन करत नसतेत, हे आधी डोक्यात घ्या. नस दबून हातात कळा येणाऱ्या बऱ्याच जणांना गोळ्या अन् फिजिओनंच दीड-दोन महिन्यात उतार पडतो. आमच्या आप्पांचं वेगळं होतं, नस नाही तर मज्जारज्जूच, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारी मुख्य दोरी, दबला होता. दुखत फारसं नव्हतंच, पण तंबाखू मळताना चुन्याची डबी हातातून सुटायली, सदऱ्याचं बटन लागंना, पायातली चप्पल निसटलेली कळंना, अन् आम्ही म्हणायलोत वय झालं. गावातल्या एकानं मान कडकड मोडून दिली ती वेगळीच. ते अजिबात करू नका, मज्जारज्जू दबलेला असला तर एका झटक्यात हातपाय जाऊ शकतात.

घरी एक बघा, 10 सेकंदात मूठ पूर्ण उघडझाक किती वेळा होते ते मोजा. 20 च्या आत यायली, चाल अडखळायली, लघवीची घाई व्हायली तर मग दम धरू नका, न्यूरोसर्जन किंवा स्पाइनवाल्याकडं जा. सोबत एमआरआयची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. ‘गॅप आलाय’ एवढ्यावर काही ठरत नसतंय, पन्नाशीनंतर झीज बहुतेकांच्या फिल्ममधी दिसतेच.

डॉक्टरला विचारा, ऑपरेशन पुढून का मागून, दोन मणक्यांमधल्या किती गाद्या? मानेत 7 मणके, बिघडते जास्त करून 5-6 नाहीतर 6-7 मधली गादी. दाब एक-दोन जागी असला तर बहुतेक पुढून करतेत: गळ्याच्या घडीत छोटा छेद, श्वासनळी अन् अन्ननळी बाजूला सारायची, मग मायक्रोस्कोपखाली गादी काढून हाडाची वाढ बारीक ड्रिलनं झिजवायची, रिकाम्या जागी केज, म्हणजे पिंजऱ्यासारखा छोटा तुकडा, बसवायची म्हणजे पुढं ते दोन मणके जुळून एक होतेत. मुळात ही पद्धत 1950 च्या दशकापासूनची. दाब जास्त जागी असला की बऱ्याचदा मागून मणक्याची हाडाची कमान उघडतेत.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तर आधीच सांगा, मनानं बंद करू नका. बिडी, तंबाखू बंद, कारण निकोटिननं हाड नीट जुळत नाही. आप्पांचं सगळ्यात अवघड ऑपरेशन हेच झालं! जनआरोग्य योजनेत बसवायचं असंल तर भरती व्हायच्या आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला भेटा, मंजुरी आधी लागते.

नंतर काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो, मऊ भात-वरण द्या. गळा एकदम सुजला, श्वास लागला तर रात्रीचे दोन वाजलेले असू द्या, तसंच दवाखान्यात न्या. कडब्याची पेंढी, पाण्याची घागर, मोटारसायकल हे सगळं डॉक्टर म्हणंपर्यंत बंद, हाड जुळायला काही महिने जातेत. बधिरपणा सावकाश जातो, कधी पूर्ण जातच नाही. आप्पांचं वरचं बटन अजून आईच लावती, खालची तेवढी ते लावायलेत.